दोष यंत्राचा कीं मुलाचा ?

आमच्या घरांतील संगणक सहा वर्षांचा जुना. त्यावर सूनबाई घरखर्च मांडतात, नातू महाविद्यालयाचें काम करतो आणि मी तीर्थरूपांच्या हस्तलिखित टिपणांची प्रत तयार करतों. गेल्या उन्हाळ्यांत हें यंत्र कोणतीहि पूर्वसूचना न देतां एकाएकीं बंद पडूं लागलें. एके दिवशीं माझ्या दोन तासांच्या लेखनावर पाणी पडलें. नातू खेळ खेळत असतां तें अधिक वेळां बंद पडे. म्हणून पुरावा पाहण्यापूर्वींच मीं त्याला दोषी ठरविलें व यंत्रास हात लावण्याची मनाई केली. त्याची परीक्षा तोंडावर आली होती. तो उलट बोलला नाहीं. मित्राच्या घरीं जाऊन काम करूं लागला.

माझा पुतण्या विद्युत्-शास्त्र शिकलेला. तो म्हणाला, "काका, तुम्ही लिहीत असतां यंत्र बंद पडलें, तेव्हां तो घरांत तरी होता का ? अन्वय आणि व्यतिरेक पाहिल्यावांचून कारण ठरवूं नये, हें तुम्हींच आम्हांस शिकविलेंत." मी वरमलों, आणि आम्ही दोघे क्रमानें तपासास लागलों.

प्रथम बाहेरचीं कारणें पाहिलीं. यूपीएस बाजूस ठेवून संगणक थेट भिंतींतील सॉकेटला जोडला, वायरहि बदलली. तरी तो बंद पडलाच. पुढें उष्णता. प्रोसेसर अतिशय तापला, तर यंत्र स्वसंरक्षणार्थ बंद होतें. परंतु बंद पडण्याच्या वेळीं तपमान ५८ अंशांपुढें गेलेलें नव्हतें. विंडोजच्या नोंदवहींत ४१ क्रमांकाची नोंद सांपडली. पण मागील खेपेस यंत्र रीतसर बंद झालें नाहीं, एवढेंच ती सांगते. कां झालें नाहीं, हें सांगत नाहीं.

राहिला पॉवर सप्लायचा डबा. भिंतींतील २३० व्होल्टांची वीज घेऊन तो यंत्रास १२, ५ व ३.३ व्होल्टांची एकदिश वीज देतो. इंटेलनें १९९५ सालीं घालून दिलेल्या एटीएक्स मानकाप्रमाणें पिवळी तार १२ व्होल्टांची आणि काळी शून्याची. १२ व्होल्टांत शेंकडा ५ इतका फरक चालतो. म्हणजे आंकडा ११.४० च्या खालीं जातां कामा नये.

पुतण्यानें मल्टिमीटर लावला. यंत्र स्वस्थ असतां आंकडा ११.९ होता. मी म्हणालों, "हा तर निर्दोष !" त्यानें नातवास बोलावून तोच खेळ लावावयास सांगितला. आंकडा ११.६, ११.४, ११.२ असा उतरला आणि पडदा काळा झाला. म्हातारा बैल रिकाम्या गाडीस ठीक चालतो. ओझें चढलें कीं बसतो. खेळ हें केवळ निमित्त होतें.

खात्रीसाठीं शेजाऱ्यांकडील तेवढ्याच शक्तीचा चांगला डबा आणून जोडला. आठ दिवस यंत्र एकदांहि बंद पडलें नाहीं. जुना पुन्हां जोडतांच दुसऱ्या दिवशीं बंद ! अन्वय झाला, व्यतिरेकहि झाला. अशा डब्यांतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेनें वर्षानुवर्षें सुकत जातात, आणि सांचलेली धूळ पंख्याचा वारा अडवून त्यांत भर घालते.

वाचकांस एक कळकळीची सूचना. हा डबा घरीं उघडूं नये. आंतील मोठ्या कपॅसिटरवर सुमारें ३२५ व्होल्टांचा दाब असतो व पिन काढल्यावरहि तो कांहीं काळ टिकूं शकतो. डबा बदलावा, आणि नवा घेतांना यंत्राच्या गरजेहून कांहींसा अधिक वॅटचा घ्यावा.

नवा डबा बसला त्या सायंकाळीं मीं सर्वांच्या देखत नातवास म्हटलें, "बाळ, चूक माझी होती." तो हंसला आणि म्हणाला, "आजोबा, गेलेलीं पानें सांगा, मी टाइप करतों." पस्तीस वर्षें मुलांच्या वह्यांत मीं तांबड्या शाईनें चुका दाखविल्या. त्या रात्रीं तो टाइप करीत होता व मी सांगत होतों. दोन तासांचें काम पाऊण तासांत झालें.