कान, झोप आणि पगार

रत्नागिरीच्या विमानतळावर आज तटरक्षक दलाची विमाने उतरतात. तेथे प्रवासी टर्मिनल उभे राहत आहे, तर शेजारच्या सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्येच सुरू झाला. त्यामुळे कोकणातील तरुणांना विमानतळावरची नोकरी आवाक्यातली वाटू लागली आहे. गणवेश आणि पगार डोळ्यांत भरतो. पण तो पगार शरीराच्या तंदुरुस्तीवर किती अवलंबून असतो, याचा विचार नोकरी धरताना क्वचितच होतो.

वैमानिकाच्या बाबतीत हे लगेच कळते. त्याला ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी द्यावीच लागते. रक्तदाब, हृदय किंवा दृष्टीत गंभीर दोष निघाला, तर पुन्हा तंदुरुस्त ठरेपर्यंत उड्डाण बंद. वैमानिक आणि केबिन क्रू यांच्या उत्पन्नाचा एक भाग उड्डाणाच्या तासांवर ठरतो. साहजिकच घरी बसले की उत्पन्न घटते. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

या तंदुरुस्तीला पहिला धक्का बसतो तो रात्रपाळीचा. शरीराचे घड्याळ रात्री झोप मागते. ते वारंवार मोडले की रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. थकव्यामुळे चुका होतात, त्या वेगळ्याच. म्हणूनच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास केली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. मात्र विश्रांती वाढली की जादा वैमानिक लागतात. ती तयारी अपुरी पडल्याने डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली.

दुसरा धोका आवाजाचा. तो प्रामुख्याने धावपट्टीलगत सामान चढवणाऱ्या आणि विमानाची देखभाल करणाऱ्यांना असतो. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते. १०० डेसिबलला ती अवघ्या १५ मिनिटांवर येते. जेट इंजिनाजवळचा आवाज याहूनही मोठा असतो. आतल्या कानातील नाजूक केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला फक्त ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज हरवतात, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. यांतील अनेक कामे कंत्राटी असतात. कंत्राट संपल्यावर ऐकू कमी येते म्हणून दुसरीकडे नोकरी नाकारली गेली, तर त्याची झळ कुटुंबाला बसते.

आवाजामुळे आलेला बहिरेपणा कायद्याने व्यावसायिक आजार मानला आहे. पण भरपाई मागताना तो कामामुळेच आला हे दाखवावे लागते. त्यासाठी रुजू होतानाच ऑडिओमेट्री करून घ्यावी, दरवर्षी ती पुन्हा करावी आणि अहवालाची प्रत स्वतःकडे ठेवावी. काम करताना इअरमफ टाळू नयेत. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांनी कंत्राटदाराने ईएसआय नोंदणी केली आहे का, हे तपासावे. आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के रक्कम त्यातून मिळू शकते. वैमानिकांसाठी परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा असतो.

नियुक्तीपत्र हाती आले की पगाराचा आकडा सगळेच पाहतात. पाळीचे तास, विश्रांती आणि विमा यांच्या ओळीही तितक्याच बारकाईने वाचायला हव्यात.