आतल्या खोलीत रेंज का नाही?

सहा अँटेनांचा राउटर दुकानात दिसला की वाटतं, याची रेंज दांडगी असणार. तसं नसतं. राउटरने किती शक्तीने प्रक्षेपण करायचं याला सरकारी मर्यादा आहे. नुसत्या अँटेना वाढवून ती ओलांडता येत नाही. खरी रेंज ठरवतात घरातल्या भिंती.

राउटरच्या दोन बँडपैकी २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्‌झची जेमतेम ६. दुसरीवर वेग जास्त मिळतो, पण विटांच्या दोन भिंती ओलांडताना ती पार दमते. लोखंडी कपाट आणि आरसा तर तिला परतवूनच लावतात. पाण्याचं पिंपही लहर शोषतं. केबलवाला मात्र राउटर टीव्हीमागेच टांगून जातो, कारण वायर तिथवर आलेली असते! त्याला ती मधल्या पॅसेजपर्यंत ओढायला लावा. राउटर उंचावर, अँटेना उभ्या. अँटेनाच्या काडीतून लहर बाजूंना पसरते, टोकाकडून फारच कमी.

घेताना दोन्ही बँड आहेत का आणि कंपनी सॉफ्टवेअर अपडेट देत राहते का, एवढं बघा. घर दुमजली असेल तर एका महागड्या राउटरपेक्षा दोन साधे मेश राउटर (मिळून एकच नेटवर्क देणारे) घ्या, आणि जमलं तर ते वायरनेच जोडा.