‘चेंज’ आणि मोबदला

आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलू या. इंग्रजी म्हणायचं, पण आपल्या तोंडी तो इतका बसलाय की परका वाटतच नाही. एसटीत कंडक्टर म्हणतो, “चेंज द्या.” शाळेतून आलेल्या पोरीला आपण म्हणतो, “आधी ड्रेस चेंज कर.” आता बघा, कपडे बदलणं कुठं आणि सुट्टे पैसे कुठं! दोन्हीला एकच शब्द कसा?

याचं उत्तर बाजारात सापडतं. लॅटिन या जुन्या भाषेत ‘कांबियारे’ असं क्रियापद होतं. अर्थ असा, की एक वस्तू द्यायची आणि तिच्या जागी दुसरी घ्यायची. लॅटिननेही तो शब्द युरोपातल्या जुन्या केल्टिक लोकांकडून उचलला असावा, असं भाषेचे अभ्यासक मानतात. पुढे तो फ्रेंचमध्ये गेला. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि कचेरीत फ्रेंच आली, आणि १२०० च्या सुमारास हा शब्द ‘चेंज’ होऊन इंग्रजीत रुळला. म्हणजे मुळात ही अदलाबदल. मोठं नाणं दिलं, त्याच्या बदल्यात लहान नाणी घेतली, ती झाली चेंज. जुना मिक्सर देऊन नवा घेतो ते ‘एक्स्चेंज’, तेही याच कुळातलं.

आपण नोट मोडतो आणि मोड मागतो. मला तर हाच शब्द जास्त गोड वाटतो. ऋतू मात्र पालटतो, कारण तिथं कुणी कुणाला काही देत नाही. इंग्रजीत त्यालाही चेंजच.

खरी गंमत पुढेच आहे. आपला ‘बदल’ हा शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. त्याचाही अर्थ एकाच्या जागी दुसरं, असाच. बदली, बदला, मोबदला ही सगळी त्याचीच भावंडं. इतक्या दूरच्या दोन भाषा, पण ‘बदलणं’ दोघींनी देण्याघेण्यातूनच ओळखलं.

यातला ‘मोबदला’ नीट लक्षात ठेवा. वडील गेल्यावर बऱ्याचदा बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं. कुणीतरी सांगतं, “काही नाही ताई, सातबाऱ्यावर नावात जरा चेंज करायचाय.” त्या कागदात बहुतेक वेळा एक शब्द असतो, ‘विनामोबदला’. म्हणजे तुमच्याकडून हक्क जाणार, त्याच्या जागी काहीही येणार नाही. हक्क सोडूच नका, असं मी म्हणत नाही. भावाची परिस्थिती पाहून काही जणी राजीखुशीने सोडतात, तो त्यांचा निर्णय. पण ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. आपण काय सोडतोय, ते आधी ठाऊक हवं.

जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नोंदवावं लागतं. त्यावरून तलाठ्याकडे फेरफार होतो आणि मग सातबाऱ्यावरचं तुमचं नाव कमी होतं. म्हणून कचेरीत जायच्या आधीच मसुदा घरी मागवा. शिकलेल्या पोरीकडून, नाहीतर गटातल्या एखादीकडून तो मोठ्याने वाचून घ्या. ‘विनामोबदला’ आला की तिथं थांबा आणि विचारा.