नरक्या : औषधासाठी मुळासकट

आंबोली, आजरा, चंदगडच्या रानात ऐन पावसात फुललेला नरक्या दिसण्याआधी वासानेच कळतो. फार उंच न वाढणारं, घाण वासाचं हे झाड पूर्वी लाकूडतोड्याच्याही खिजगणतीत नव्हतं. आता त्याचे ढलपे पोत्यांत भरून चोरून नेले जातात आणि वन विभागाची पथकं ते पकडत राहतात.

या चोरीमागे आहे कॅम्प्टोथेसिन हे रसायन. १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत ते एका चिनी झाडातून वेगळं केलं. वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे! पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच रसायन नरक्यात सापडलं. पेशी दुप्पट होताना डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. त्यासाठी एक विकर धाग्याला चीर देतं आणि लगेच सांधतं. कॅम्प्टोथेसिन हे सांधणंच अडवतं, आणि भराभर वाढणाऱ्या कर्कपेशी मरतात. मूळ रसायन रुग्णांना सोसलं नाही. त्यात फेरफार करून घडवलेल्या टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. म्हणूनच सांगतो, नरक्याचा काढा घरी उकळून कुणीही घेऊ नये. ते सरळ विष आहे.

नुसतं खोड छाटलं तर नरक्याला पुन्हा धुमारे फुटतात. पण रसायन मुळांतही असतं, त्यामुळे मुळं खणून काढली जातात आणि झाड कायमचं जातं. खणणाऱ्याच्या हाती जेमतेम मजुरी पडते. खरी कमाई पुढच्या साखळीत होते.

लागवड करा, असं सगळे सांगतात. सल्ला बरोबर आहे, पण बी कुठलं घेणार? बंगळूरच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी सह्याद्रीतले नमुने तपासले, तेव्हा झाडागणिक रसायनाचं प्रमाण खूप वेगळं निघालं. रोपवाटिकेला हवीत ती भरपूर रसायनाची झाडं, आणि ती रानातच आहेत. तोडणारा काही तपासून तोडत नाही. एकेका डोंगरावरचा नरक्या संपतो तेव्हा उद्याच्या लागवडीचं बियाणंच संपतं.

माझ्या मते म्हणूनच उरलेल्या झाडांची नोंद लागवडीच्या आधी व्हायला हवी. कोकणात बरंचसं रान मालकीचं आहे; तिथल्या शेतकऱ्याला बियांचे, उभं झाड राखण्याचे पैसे मिळाले पाहिजेत. आणि लागवडीच्या मालाला रोपापासून विक्रीपर्यंत स्वतंत्र दाखला हवा, नाहीतर रानातून खणलेली मुळं शेतातली म्हणून बिनदिक्कत विकली जातील.