देवळातले कासव आणि तळ्यातले कासव

देवळात शिरताना गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवावर पाय पडू नये म्हणून आपण जपून चालतो. लहान मुलांनाही तसे शिकवतो. पण जिवंत कासवाच्या बाबतीत ही काळजी आपण घेतो का?

मार्च 2025 मध्ये छत्तीसगढमधील रतनपूरच्या प्रसिद्ध महामाया मंदिराच्या कुंडात, जाळ्यात अडकून मेलेली वीसहून अधिक कासवे सापडली. बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. कासवाला विष्णूचा अवतार मानणाऱ्या देशात, देवीच्या दारात हे घडावे, ही मन विषण्ण करणारी गोष्ट आहे.

तळ्यांचा मुलूख

छत्तीसगढ हा तळ्यांचा मुलूख. तिथे तळ्याला 'तरिया' म्हणतात. गावात 'छै आगर छै कोरी', म्हणजे सहा विसा आणि वर सहा, अशी 126 तळी असल्याचे अभिमानाने सांगितले जाते. राजधानी रायपूरमध्येही बुढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध ही तळी प्रसिद्ध आहेत.

अशा गढूळ, संथ पाण्यात मऊ पाठीचे एक कासव राहते. त्याच्या पाठीवर टणक ढाली नसतात, कातडीचे आवरण असते. मागचे पाय आत ओढले की पोटाकडच्या दोन झडपा मिटतात आणि पाय झाकले जातात. गोगलगायी, बेडूक, पाणवनस्पती, मेलेले मासे असे सारे ते खाते. थोडक्यात, तळ्याचा हा बिनपगारी सफाई कामगारच! उन्हाळ्यात तळे आटले, की ते चिखलात गाडून घेऊन पावसाची वाट पाहते.

याच्याहून दुर्मीळ आहे ते लीथचे मऊ पाठीचे कासव. ते गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांत आढळते. अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याचे नाव आहे. 2022 मध्ये भारताच्याच प्रस्तावावरून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली.

कासव पाहावे कसे?

कासव पाहायचे तर हवा संयम. हिवाळ्यातली ऊन पडलेली सकाळ निवडावी, काठापासून दूर, गप्प बसावे. हाताशी दुर्बीण असली तर उत्तमच. आधी पाण्यावर नळीसारखे नाकाचे टोक तेवढे दिसते. ते श्वास घेते आणि पुन्हा बुडी मारते. काही जाती खडकावर, ओंडक्यावर किंवा वाळूत ऊन खात बसतात. पावलांची चाहूल लागली की क्षणात पाण्यात!

दिसलेल्या कासवाला हात लावू नये, उचलून घरी तर मुळीच आणू नये. 'घरात कासव असले की लक्ष्मी येते' या समजुतीपायी कित्येक कासवे काचेच्या पेटीत कुढून मरतात. शिवाय आपली बहुतेक देशी कासवे कायद्याने संरक्षित आहेत. पहिल्या अनुसूचीतील प्राणी पकडल्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानातून आणलेले, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले अमेरिकन कासव नकोसे झाले म्हणून तळ्यात सोडणेही घातकच. ते देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते.

काठ राखा, कासव राखा

शिकारी आणि जाळी हे उघड शत्रू. पण आणखी एक शत्रू आपण सुशोभीकरणाच्या नावाखाली स्वतःच उभा करतो. कासव पाण्यात राहते, तरी अंडी घालते ती काठावरच्या मातीत. चहूबाजूंनी सिमेंटची भिंत उठली, तर मादीने अंडी घालावीत कुठे? तळ्याची एक तरी बाजू मातीची, गवताची राहू दिली, जुनी जाळी वेळीच बाहेर काढली आणि निर्माल्य पाण्यात टाकले नाही, तरी कितीतरी साधेल.

हे जमण्यासारखे आहे, याचा दाखला कोकणातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी सर्रास चोरली जात. 2002 मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांची राखण सुरू केली. पुढे 2006 पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे येऊ लागले, घरोघरी त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय झाली आणि गावाला चार पैसे मिळू लागले.

वेळासने जे समुद्रकाठी केले, ते आपल्या गावातल्या तळ्याकाठी का होऊ नये? पुढच्या वेळी देवळातल्या कासवाला नमस्कार कराल, तेव्हा मुलांना घेऊन जवळच्या तळ्यावरही एक चक्कर मारा. पाण्यावर नाकाचे इवलेसे टोक दिसले, तर तोही देवदर्शनाचाच लाभ समजा!