फ्रेमवर्क जाते, वेब उरते

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. त्याच वर्षी, पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने आपला मुक्काम बंगळुरूला हलवला. दोन वर्षांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स तिथे आली. पुढच्या चार दशकांत सांगली, कराड, कोल्हापूर, नागपूरकडच्या कितीतरी मुलामुलींनी बंगळुरूतल्या इलेक्ट्रॉनिक सिटी आणि व्हाइटफील्डची वाट धरली. नोकरी कशी मिळवायची याबद्दल आपल्याकडे भरपूर बोलले जाते. मिळाल्यानंतरच्या तीस वर्षांत अभियंता म्हणून वाढायचे कसे, याबद्दल फार कमी. वेबच्या कामात तर एकच सल्ला सर्रास मिळतो: नवे फ्रेमवर्क आले की शिकून घ्या, नाहीतर मागे पडाल. हा सल्ला खोटा नाही, पण त्याच्या भरवशावर अख्खी कारकीर्द उभी राहत नाही. फ्रेमवर्कच्या खालचा पाया आणि पडद्यापलीकडचा माणूस, या दोहोंची समज जितकी खोल, तितकी अभियंत्याची वाढ खरी, असे मला वाटते. याचा पुरावा बंगळुरूतच सापडतो.

१५ मे २०१५ रोजी तिथल्या मिंत्रा या ऑनलाइन कपडेविक्रीच्या कंपनीने आपले संकेतस्थळ बंद केले. खरेदी यापुढे फक्त अ‍ॅपमधून. तिची मालक कंपनी फ्लिपकार्टही त्याच वर्षी मोबाइलवरची वेबसाइट मिटवून ग्राहकांना अ‍ॅपकडे वळवत होती. हिशेब वरकरणी बिनचूक होता. ग्राहक मोबाइलवर आले होते, अ‍ॅप चपळ चालते, सूचनाही पाठवता येतात. पण अ‍ॅप उतरवून घ्यायला फोनमध्ये जागा लागते, डेटा लागतो, आणि एखादी वस्तू नुसती पाहायला आलेला माणूस एवढा खटाटोप करत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्लिपकार्टने गूगलच्या क्रोम चमूच्या साथीने ‘फ्लिपकार्ट लाइट’ आणले. ते ब्राउझरमध्येच उघडे, नेट तुटले तरी कोलमडत नसे आणि त्याचे चिन्ह फोनच्या पडद्यावर ठेवता येई. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार त्याचे ६३ टक्के वापरकर्ते टूजीवरून येत होते. डेटाचा वापर एक तृतीयांशावर आला आणि लोक साइटवर तिप्पट वेळ थांबू लागले. मिंत्राचे डेस्कटॉप संकेतस्थळही १ जून २०१६ रोजी परतले. अ‍ॅप वाईट आणि वेब चांगले, असा निष्कर्ष यातून मी काढत नाही. कॅशेमध्ये काय ठेवायचे, सर्व्हरकडून काय मागवायचे आणि संथ नेटवर्कवर पहिल्यांदा काय दाखवायचे, हे ज्यांना मुळातून कळत होते त्यांनाच ही वाट काढता आली, हे मला महत्त्वाचे वाटते.

हा पाया किती टिकाऊ आहे ते पाहा. टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा प्रस्ताव १९८९ मध्ये मांडला आणि सर्नने १९९३ मध्ये ते तंत्र सर्वांसाठी मोफत खुले केले. सीएसएसची कल्पना १९९४ची, जावास्क्रिप्टचा जन्म १९९५चा. जुनी पाने मोडू नयेत याची काळजी घेतच या साऱ्यांची वाढ झाली, म्हणून नव्वदच्या दशकातली साधी एचटीएमएल पाने आजच्या ब्राउझरमध्येही उघडतात. वरच्या, फ्रेमवर्क आणि साधनांच्या थराची गोष्ट वेगळी आहे. जेक्वेरी २००६ मध्ये आली, अँग्युलरजेएस २०१०मध्ये, रिअ‍ॅक्ट २०१३मध्ये. अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार २०२१च्या अखेरीस संपला. त्याच्या वर्षभर आधी फ्लॅश संपले होते. एचटीटीपी, एचटीएमएल आणि ब्राउझरची घडण शिकण्यात घातलेला वेळ दर पाच वर्षांनी वाया जात नाही.

पाया कळला की रोजच्या कामाच्या सवयीही अर्थपूर्ण होतात. स्वस्त फोनवर आणि मंद नेटवर पान चालवून पाहणे, सहकाऱ्याचा कोड बारकाईने वाचणे, चाचण्या लिहिणे, आयत्या आणलेल्या पॅकेजमध्ये काय आहे ते तपासणे, ही कामे मिरवण्यासारखी नसतात. पण मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या अकरा ओळींचे पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून काढले गेले आणि जगभरातल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड अडले. पान सर्वांना वापरता येते का हे पाहणेही याच सवयींपैकी. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या प्रकरणात, डोळ्यांची उघडझाप करायला सांगणाऱ्या ई-केवायसी या ऑनलाइन ओळख-पडताळणीमुळे अ‍ॅसिडहल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्ती अडत होत्या. बटणाला नीट नाव देणे किंवा कीबोर्डने सगळे पान वापरता येणे या गोष्टी आता निव्वळ सौजन्याच्या राहिलेल्या नाहीत.

यावर पहिला आक्षेप बाजाराचा. नोकरीच्या जाहिरातीत रिअ‍ॅक्टचे नाव असते, एचटीटीपीचे नसते. ते खरे आहे आणि रिअ‍ॅक्ट जरूर शिकावे. मात्र जाहिरात दार उघडून देते. आत गेल्यावर पान का अडकते, मेमरी कुठे गळते, याचे उत्तर पायाकडेच मिळते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कोड आता यंत्र लिहिते, मग माणसाने एवढे खोलात कशाला जायचे? डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ मध्येच मांडले होते की प्रोग्रॅमिंगचे खरे फळ म्हणजे प्रश्नाविषयी प्रोग्रॅमरच्या मनात तयार होणारी समज. कोड हा तिचा केवळ एक भाग. कोड लिहिणे जितके स्वस्त होईल, तितकी तो बरोबर आहे का हे ओळखणाऱ्या माणसाची किंमत वाढेल. ती ओळख उसनी मिळत नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा. डेडलाइन डोक्यावर असताना आणि आउटर रिंग रोडवर रोजचे तास जात असताना शिकायचे कधी? हा आक्षेप रास्त आहे, म्हणूनच शिकण्याचा सगळा भार एकट्या अभियंत्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. बंगळुरूने सामूहिक शिक्षणाची वाट पूर्वीच दाखवली आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची देशातली पहिली पायकॉन इंडिया परिषद २००९ मध्ये तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत स्वयंसेवकांनी भरवली होती. खुल्या सॉफ्टवेअरच्या मेळाव्यांची परंपरा त्याहून जुनी. कंपन्यांनी असे शिकणे कामाच्या वेळेत बसवले पाहिजे आणि महाविद्यालयांनी एखादे फ्रेमवर्क शिकवण्याआधी ब्राउझर आणि नेटवर्क शिकवले पाहिजे. बढतीच्या चर्चेत ‘कोणते नवे साधन शिकलात’ याच्या आधी ‘तुमच्या कामामुळे कोणाला हे पान वापरता येऊ लागले’ असे विचारले गेले, तर वाढीच्या आड येणारी घाई आपोआप कमी होईल. तो प्रश्न विचारायला कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाची वाट पाहावी लागत नाही.