पांडुता आणि कंठग्रंथि

आमच्या घरची थोरली सून गेल्या वर्षीं सारखी थकलेली दिसे. चेहरा फिकट, आवाज जड, आणि खाप्याच्या वैशाखांतहि अंगावर शाल! रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन ९ ग्रॅम निघालें. चार महिने लोहाच्या गोळ्या दिल्या. आंकडा जेथल्या तेथें. "कामाचा कंटाळा, दुसरें काय!" असें घरांतील वडील बायका म्हणूं लागल्या. सांगावयास लाज वाटते, पण मीहि त्यांच्याच मताचा होतों. अखेर एका डॉक्टरांनीं टीएसएच ही तपासणी करविली, आणि दोष सुनेच्या स्वभावांत नसून कंठांत आहे असें ठरलें.

कंठाच्या पुढील भागीं थायरॉइड नांवाची लहानशी ग्रंथि असते. तिच्या स्रावांतील थायरॉक्सिन हें द्रव्य अमेरिकेंतील केंडॉल यांनीं १९१४ च्या नाताळांत शुद्ध रूपांत वेगळें केलें. देहाची धुनी मंद ठेवावी कीं प्रखर, हें हा स्राव ठरवितो. तो कमी पडला म्हणजे देहास प्राणवायु कमी लागतो. मूत्रपिंडें हें ओळखतात आणि एरिथ्रोपोएटिन हें द्रव्य कमी सोडतात. मग अस्थिमज्जेंत तांबड्या पेशी कमी घडतात. मज्जेस थायरॉइडची प्रत्यक्ष चालनाहि लागते, तीहि मंदावते. शिवाय अशा स्त्रियांना पुष्कळदां मासिक स्राव अधिक होतो आणि सांठ्यांतील लोह वाहून जातें. सुश्रुतसंहितेंत गलगंड निदानस्थानांत आहे, तर पांडुरोग पार उत्तरतंत्रांत. दोहोंचा कांहीं संबंध असेल, अशी शंका तो ग्रंथ वाचतांना मला कधीं आली नाहीं.

फिकटपणा दिसला कीं लोह द्यावें, हें समीकरण आपल्या महाराष्ट्रांत पूर्वींहि अपुरें ठरलें आहे. लुसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ सालीं मुंबईस आल्या. गिरण्यांतील गर्भिणी स्त्रियांचा एक प्रकारचा पांडुरोग यीस्टच्या अर्कानें बरा होतो, असें त्यांनीं दाखविलें. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक आम्ल म्हणून ओळखलें गेलें.

उलट बाजूहि आहे. थायरॉक्सिन घडविणाऱ्या विकरास स्वतःलाच लोह लागतें. म्हणून लोह फार घटलें तर ग्रंथीचें काम अडतें, आणि केवळ आयोडीनयुक्त मिठानें तें पुरतें सुधारत नाहीं.

औषध सुरू झाल्यावर आम्हीं आणखी एक चूक केली. विसर पडूं नये म्हणून थायरॉक्सिनची व लोहाची गोळी सकाळीं एकदमच, तीहि चहाबरोबर, देत होतों. लोह थायरॉक्सिनला पोटांतच धरून ठेवतें, तर चहा लोहास अडवितो. दोन महिने फुकट गेले. दोन्ही गोळ्यांत निदान चार तासांचें अंतर हवें. आतां पहाटे उठल्यावर रिकाम्या पोटीं पाण्याबरोबर थायरॉक्सिन, चहा तासाभरानें, आणि लोह दुपारीं लिंबाच्या पाण्याबरोबर, असा क्रम आहे. तांबड्या पेशीचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें. तेव्हां आठवड्याभरांत गुण दिसत नाहीं म्हणून औषध सोडूं नये, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. परवांच्या तपासणींत हिमोग्लोबिन ११ च्या वर होतें. सूनबाईंची क्षमा मीं त्याच दिवशीं सर्वांसमक्ष मागितली.